शहरातले कॉलेज निवडताना आमच्या पोराने काय काय लपवायचे?

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कोर्टातील आमच्या टेबलाभोवती पक्षकारांपेक्षा पालकांचीच गर्दी अधिक होते. कोणाचे जातवैधता प्रमाणपत्र रखडलेले असते, कोणाचा उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला असतो, आणि शेवटचा प्रश्न सगळ्यांचा एकच असतो : "वकीलसाहेब, पोराला कुठं टाकावं?" गेली अनेक वर्षे आमचे उत्तरही ठरलेले आहे. शिष्यवृत्ती लागू आहे का पाहा, राहण्याची सोय पाहा आणि जमेल तर मुंबईलाच धाडा. शहर म्हणजे आमच्यासाठी नुसती डिग्री नव्हे, गावकीच्या नजरेतून सुटका आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयी काय सुनावले हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको.

यंदा मात्र एका मुलाने आमचे हे ठरलेले उत्तर अपुरे पाडले. त्याच्या संमतीने हे लिहीत आहोत, तरी ओळख पटेल असे येथे काही येणार नाही. आधी वडिलांसोबत आला होता. वडिलांचे म्हणणे सरळ होते : बाबासाहेबांच्या कॉलेजात घालायचा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली काढलेले सिद्धार्थ कॉलेज आमच्या दोन-तीन पिढ्यांसाठी नुसते कॉलेज राहिलेले नाही, त्यामुळे बापाच्या तोंडून दुसरे नाव निघणे शक्यच नव्हते. मुलगा गप्प बसून होता. दुसऱ्या दिवशी कोर्ट सुटल्यावर तो एकटाच आला. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर मुंबईतील आणखी दोन कॉलेजांची नावे. फीबद्दल विचारले, लोकलच्या पासाबद्दल विचारले आणि मग म्हणाला, "सर, तिथं माझ्यासारखी मुलं असतात ना?"

आम्ही म्हणालो, "असतात की! आपल्या समाजाची पुष्कळ मुलं आहेत तिथं."

तो खाली पाहून म्हणाला, "तसं नाही, सर."

आम्हाला समजायला वेळ लागला. चळवळीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागावा, याची लाज वाटली हे कबूल करतो. त्या मुलाने दोन कॉलेजांची नावे का लिहून आणली होती? तेथे विद्यार्थ्यांचे असे गट आहेत की जे समलिंगी, तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या बाजूने उघड बोलतात, असे त्याने मोबाईलवर वाचले होते. आमच्या गावात या गोष्टीला एकच शब्द आहे आणि तो शिवी आहे.

येथे आमच्या स्वतःच्या खात्यावरील एक देणे नोंदवले पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही शहरात शिकायला गेलो तेव्हा मागासवर्गीय मुलांच्या एका हॉस्टेलात राहत होतो. एका खोलीत सहाजण, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, रविवारी सकाळी अभ्यासवर्ग. आमच्याच खोलीत एक मुलगा होता. आवाज बारीक, चालणे हळुवार. त्याला खोलीने एक नाव पाडले होते. रात्री दिवे गेले की त्याची नक्कल चाले आणि सगळे हसत. मारहाण कोणी केली नाही, हे आम्ही पुढे कित्येक वर्षे स्वतःला बजावत राहिलो. दिवाळीला तो घरी गेला तो परत आला नाही. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, त्याचे हॉल तिकीट आले आणि ते आमच्या पेटीत पडून राहिले. वर्गात आडनाव पुकारताना थांबणाऱ्या प्राध्यापकाविरुद्ध निवेदन लिहिणारे आम्हीच होतो. खोलीतल्या त्या हसण्याविरुद्ध आम्ही एक ओळ लिहिली नाही, एक शब्द बोललो नाही. उलट, बाकीच्यांसोबत हसलोच.

म्हणून या मुलाच्या प्रश्नाला "आपली मुलं आहेत ना तिथं" हे उत्तर पुरत नाही. 'आपली' मुले म्हणजे त्याला सुरक्षितता नव्हे, एक वेगळी भीती आहे. वडिलांच्या पसंतीच्या ठिकाणाला तो कचरत होता ते बाबासाहेबांवरील श्रद्धा कमी म्हणून नव्हे. तिथे चुलतभावाचे मित्र असतील, तालुक्याची पोरे असतील, शब्द फुटला तर आठ दिवसांत वस्तीत पोहोचेल, हे त्याचे गणित होते. ते चूक आहे असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार?

लपवून राहणे काय असते हे आमच्या समाजाला शिकवावे लागत नाही. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत गेले आणि रजिस्टरात पारशी नाव घालून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी स्वतः ते लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली डझनभर माणसे दारात उभी राहिली. परदेशातील विद्यापीठात जो माणूस उघडपणे, स्वतःच्या नावाने वावरला, त्याला आपल्या देशात खोलीसाठी नाव बदलावे लागले आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत बागेत बसून राहावे लागले. शहरात खोली शोधणाऱ्या आमच्या प्रत्येक मुलाने या अकरा दिवसांतला एखादा दिवस तरी जगलेला असतो. आडनाव विचारणारा घरमालक, मटण चालणार नाही म्हणणारी सोसायटी. त्यात या मुलाला दुसरेही नाव लपवायचे आहे.

मात्र दोन्ही लपवण्यांत फरक आहे, तो वकील म्हणून आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आमच्या मुलाची जात कॉलेज पहिल्याच दिवशी उघड करते. शिष्यवृत्तीचा फॉर्म, प्रवर्गाची यादी, वर्गात येऊन "शिष्यवृत्तीवाल्यांनी ऑफिसात या" असे ओरडणारा शिपाई. ते उघड झाल्यावर घरी जाऊन आईबापांना सांगता येते, कारण आईबापही तेच सोसून आलेले असतात. दुसरी गोष्ट तो सांगेपर्यंत कोणाला कळत नाही. पण ती घरीही सांगता येत नाही. छळ झाला तर तक्रार करताना कारण काय लिहायचे? कारण लिहिले तर ते पत्र घरच्या पत्त्यावर जाणार. एखाद्याला कळले तर तो पैसे उकळणार. अशी प्रकरणे वकिलांकडे येतात, आणि पोलिसांत जाऊ का असे विचारले की पक्षकार उठून निघून जातो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण आमच्या लोकांना अजून असे वाटते की हा गुन्हा आहे. ब्रिटिशांनी १८६० साली आणलेल्या दंडसंहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरते बाजूला केले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो गुन्हा कायमचा पुसला. दिल्लीच्या आणि घटनापीठाच्या, दोन्ही निकालांत आधार कोणाचा घेतला आहे? बाबासाहेबांनी त्याच ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात मांडलेल्या संवैधानिक नीतिमत्तेचा. म्हणजे ज्या भाषणातला खेड्याचा भाग आम्हाला तोंडपाठ आहे, त्याच भाषणाच्या दुसऱ्या भागाने या मुलाला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातून बाहेर काढले. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क देणारा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा आहे. जयंतीच्या दुसऱ्याच दिवशीचा. आम्ही त्या दिवशी मिरवणुकीच्या थकव्यात होतो, निकाल वाचला तो बऱ्याच दिवसांनी.

कॉलेजपुरते पाहायचे तर, प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर विद्यार्थ्याची आणि पालकाची सही घेतात. ते न वाचता सही करण्याची आपली रीत आहे. ज्या नियमांखाली ते घेतले जाते ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम. त्यांत २०१६ साली दुरुस्ती झाली आणि जात, धर्म, रंग, प्रदेश, भाषा यांच्याच ओळीत लिंगभाव आणि लैंगिक कल यांवरून केलेला छळ, टोमणे, वाळीत टाकणे हेही रॅगिंग ठरले. जात आणि हे, दोन्ही एकाच वाक्यात! आमच्या हॉस्टेलच्या खोलीत जे चालले होते त्याला आज नाव आहे.

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतील, वकीलसाहेब, ही इंग्रजी शिकलेल्या उच्चवर्णीयांची फॅडे, चळवळीत कशाला आणता? त्यांना नम्रपणे १९३४ सालची आठवण करून द्यावीशी वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचक लैंगिक विषयांवर प्रश्न विचारीत, कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. पुण्यामुंबईच्या सभ्य समाजाने कर्व्यांना जवळजवळ बहिष्कृतच केले होते. त्यांचे वकीलपत्र घेतले ते बॅरिस्टर आंबेडकरांनी. पुणे कराराला दोन वर्षेही झाली नव्हती, अस्पृश्यांच्या प्रश्नांचा डोंगर समोर होता, तरी त्यांनी हा खटला चालवला. लोकांच्या मनात प्रश्न आहेत तर त्यांना ज्ञानाने उत्तर देणे अश्लील कसे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. आमच्या धंद्यात हरलेले खटले कोणी सांगत नाही, परंतु हा सांगण्यासारखा आहे.

आणि हे फक्त महानगरी माणसांचे दुखणे आहे, असेही नाही. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरचे मराठी कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात कॅमेरे घेऊन माणसे शिरली, विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केले. त्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागून गेला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१० रोजी निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवड्याच्या आत ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. कायदा बाजूने असून एका प्राध्यापकाची ही गत होते, तर अठरा वर्षांच्या, स्वाधारच्या पैशांवर जगणाऱ्या पोराचे काय?

आता उलट बाजू. इंद्रधनुषी झेंडा लावलेले प्रत्येक शहरी कॉलेज आमच्या मुलाचे माहेर असते काय? पवईच्या आयआयटीत 'साथी' नावाचा विद्यार्थ्यांचा गट २०११ पासून आहे, चांगले काम करतो. त्याच आयआयटीत २०२३ साली मेसमध्ये शाकाहारींसाठी टेबले राखून ठेवली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्यांना दहा हजारांचा दंड झाला. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला दर्शन सोळंकी हा पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी गेला. कुटुंबाने जातीय छळाचा आरोप केला, संस्थेच्या समितीने तो नाकारला. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत २०१८ साली लिंगनिरपेक्ष हॉस्टेलची सोय झाली, देशभर कौतुक झाले. त्याच सुमारास तेथील विद्यार्थी संपावर होते, कारण शिष्यवृत्तीधारक अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांना हॉस्टेल व मेसच्या शुल्कात असलेली सवलत काढून घेतली होती. ज्या हॉस्टेलचे शुल्कच आमच्या मुलाला परवडत नाही, ते लिंगनिरपेक्ष असले काय आणि नसले काय!

प्राइड मोर्चांतही जात असते. २०१५ साली दिल्लीच्या मोर्चात काही तरुणांनी आपण दलितही आहोत आणि क्वीअरही, असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा ते टाळ्यांसाठी नव्हते. तृतीयपंथीयांमधील दलित कार्यकर्ते समांतर आरक्षण मागत आहेत त्यामागेही हेच आहे. नालसा निकालाने तृतीयपंथीयांना मागासवर्ग मानायला सांगितले, पण जन्माने अनुसूचित जातीच्या तृतीयपंथीयाने मग कोणत्या रांगेत उभे राहायचे? एक घेतले की दुसरे सुटते. आणि आमच्या चळवळीत बदल होतच नाही असेही नाही. कवयित्री दिशा पिंकी शेख यांना २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने प्रवक्त्या केले, तेव्हा आमच्या बाररूममध्ये काहीजण हसले होते. त्या वेळी आम्ही गप्प बसलो नाही. फार काही केले असे नव्हे, एवढेच.

तेव्हा पालकांनी आणि मुलांनी कॉलेज निवडताना माहितीपत्रकावरील रंगीत फोटो बाजूला ठेवावेत. एक दिवस काढून प्रत्यक्ष जावे, तेही प्रवेशाच्या गर्दीत नव्हे, साध्या दिवशी. नोटीस बोर्ड वाचावा. शिष्यवृत्तीची यादी जातीसकट लावलेली आहे का? २०१२ च्या नियमांनी जो समान संधी कक्ष सांगितला, त्याची पाटी आहे की आत माणूसही बसतो? त्या माणसाचे नाव दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ठाऊक आहे का? तृतीयपंथीयांसाठी २०१९ च्या कायद्याने प्रत्येक संस्थेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितले, तो कोण? ऑफिसातील कारकुनाला हे विचारले की त्याच्या चेहऱ्यावरूनच निम्मे उत्तर मिळते. उरलेले निम्मे कँटीनमध्ये मिळते. आमचे अनुभवाने झालेले मत असे की आपल्या समाजाची किती मुले पहिल्या वर्षाला घेतली यापेक्षा किती तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली, हा प्रश्न कॉलेजवाल्यांना अधिक टोचतो. २००७ साली थोरात समितीने दिल्लीच्या एम्समध्ये पाहिले, तेव्हा छळाला कंटाळून आपली मुले हॉस्टेलच्या ठरावीक मजल्यांवर एकत्र राहत होती. आपल्या मुलाला राहायला कोणता मजला मिळतो हे विचारण्यात कमीपणा नाही. जळगावच्या डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईत गेल्या, त्यांनी घरी फोनवर सांगितले होते, घरच्यांनी तक्रारही केली होती. ऐकून घेणारा कोणी नव्हता. म्हणून ऐकून घेणारा माणूस आहे की नाही, हे आधी पाहायचे.

त्या मुलाला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. शहरात गेलास म्हणून कोणाला काही सांगितलेच पाहिजे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात लैंगिक कल हा माणसाचा खासगी हक्क मानला आहे. सांगणे तुझा हक्क, न सांगणेही तुझाच. त्या गटात गेलास तर तिथेही तुझी जात विचारली जाईल, कधी इंग्रजीतून, कधी गोड बोलून. अभ्यासवर्गात आलास तर तिथेही कोणी हसेल. दोन्हीकडे जा. एकीकडून हाकलले म्हणून दुसरीकडे तोंड लपवून बसू नकोस. पुण्यात समपथिक ट्रस्टने या विषयावर मराठीतून पुष्कळ काम केले आहे, तेही वाच. इंग्रजी येत नाही म्हणून स्वतःविषयी अडाणी राहण्याचे कारण नाही.

त्याने चिठ्ठीवरील दुसरे कॉलेज घेतले. वडिलांना आम्ही फक्त एवढे सांगितले की तिथे विषय चांगले आहेत आणि समान संधी कक्षाचा माणूस फोन उचलतो. दोन्ही खरे होते. "बाबासाहेबांच्या कॉलेजात नाही गेला," ही त्यांची खंत आहे, ती आम्ही काढू शकलो नाही. सरकारी हॉस्टेलच्या यादीत नाव आले नाही. स्वाधार योजनेत मुंबईसाठी वर्षाला साठ हजार धरले आहेत. ते वेळेवर येत नाहीत हे दुखणे निराळे, त्यावर पुन्हा कधीतरी. खोली हवी होती. चेंबूरला आमचा एक जुना मित्र राहतो, त्याच हॉस्टेलच्या त्याच खोलीतला. त्याच्या घराला पोटमाळा आहे. त्याला फोन केला आणि मुलाविषयी जेवढे मुलाने सांगायला सांगितले होते तेवढेच सांगितले. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग त्याने विचारले, "ते हॉल तिकीट अजून आहे का रे तुझ्याकडे?"

आहे, म्हणालो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाडेकरार झाला. मसुदा आम्हीच केला होता, भाडेकरूच्या नावाची जागा मोकळी ठेवून. ती मुलाने स्वतःच्या अक्षरात भरली, आडनावासकट.